मुळेचं पाणी, रेवदंड्याची तिवरं

पुण्यात राहून तुला खारफुटीचं एवढं काय पडलंय, असं नातेवाईक विचारतात, सोसायटीतले विचारतात, कॉलेजातले सहकारीही विचारतात. प्रश्न रास्त आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, घर कर्वेनगरला, आणि आसपास खाऱ्या पाण्याचा थेंब नाही. पण याचं उत्तर माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते पावसाळ्यात भजी खाताना पाहिलेलंही आहे.

चांदणी चौकातून निघून पिरंगुट, पौड करत मुळशीच्या धरणापाशी पोचलात की समोर पसरलेलं पाणी मुळा नदीचं. उतारानं ते पूर्वेकडे, म्हणजे बाणेर, औंध, खडकी करत संगमपुलाकडे यायला हवं. त्यातलं बरंचसं पाणी मात्र पश्चिमेला वळवलेलं आहे. डोंगरातून ते सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जातं, तिथून मोठाल्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात पडतं, आणि वीज करून झाली की कुंडलिका नदीत सोडलं जातं. भिऱ्याचं केंद्र १९२७ सालचं. या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मुळशीचा सत्याग्रह झाला, तो इतिहास आपल्याला शाळेत असतो. वळवलेलं पाणी पुढे कुठे जातं, ते मात्र शाळेत नसतं. ते कोलाडला जातं, रोह्याला जातं, आणि रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळतं. त्या खाडीच्या दोन्ही काठांवर तिवरं, चिप्पी, कांदळ ही खारफुटीची झाडं उभी आहेत.

म्हणजे आपल्या जिल्ह्यात पडलेला पाऊस शंभर वर्षं कोकणातल्या एका खारफुटीला पाणी पाजतोय. माझ्या वर्गातल्या मुलांना कोलाडचं राफ्टिंग माहीत असतं. सकाळी वरून पाणी सुटलं की नदी फुगते आणि बोटी निघतात. तेच पाणी दुपारनंतर खाली खाडीच्या दिशेनं चाललेलं असतं, हे सांगितलं की त्यांचे चेहरे बदलतात. कोकणातल्या नद्या एरवी आखूड आणि उतावळ्या. पावसाळ्यात दोन्ही थडी भरून वाहतात, आणि होळीच्या सुमाराला नुसते डोह उरतात. कुंडलिका मात्र बारमाही वाहते, ती या पाण्यामुळे. वाशिष्ठीचंही तसंच. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत उतरतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं संवर्धनासाठी महाराष्ट्रातल्या ज्या खारफुटीच्या जागा निवडल्या, त्या यादीत कुंडलिका-रेवदंडा आहे आणि दाभोळ खाडीच्या तोंडाशी असलेलं वेलदूरही आहे. दोन्ही ठिकाणी घाटमाथ्यावरचं, खरं म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी पोचतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, आणि ती का, तेच आज लिहायचं आहे.

खारफुटी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चिखलातलं एकसुरी हिरवं झुडूप येतं. खाडीच्या तोंडापासून आत आत चालत गेलात तर ते एकसुरी राहत नाही. तोंडाशी, जिथे समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा थेट आत येतं, तिथे पांढरी चिप्पी असते. २०२० साली महाराष्ट्रानं तिला राज्याचा कांदळवन वृक्ष (कांदळवन म्हणजे खारफुटीचं जंगल) म्हणून जाहीर केलं, आणि असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. तिचं फूल संध्याकाळनंतर उमलतं, पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका रात्रभर राहतो, आणि सकाळी चिखलावर नुसते केसर पडलेले दिसतात. वटवाघळं आणि पतंग रात्री येऊन परागीभवनाचं काम उरकून गेलेले असतात. खाडीच्या कडेला, ओहोळांच्या काठानं कांदळ, त्याची कमानीसारखी आधारमुळं पाण्यात रोवलेली. तिवर सगळीकडे, कारण तिच्यासारखं खारटपण सोसणारी दुसरी जात आपल्या किनाऱ्यावर क्वचितच असेल. आणि वर, जिथे नदीचं गोडं पाणी जाणवायला लागतं, तिथे मारांडी, काटेरी पानांची आणि निळ्या-जांभळ्या फुलांची. कुठली जात कुठे उभी राहील, हे ठरतं ते पाण्यात मीठ किती, भरती किती वेळ थांबते आणि गाळ किती येतो यावर.

हे मी वर्गात फळ्यावर शिकवते तेव्हा वह्या भरतात, पण समजतं खाडीवर गेल्यावरच. मी मुलांना तिवरीच्या झाडाखाली उभं करते आणि एक जून पान तोडून जिभेला लावायला सांगते. ऊन चढलेलं असेल आणि आदल्या रात्री पाऊस झालेला नसेल, तर पानावर बारीक स्फटिक चमकताना दिसतात. भिंगातून पाहिलं तर अक्षरशः मिठाचे खडे. तिवर मुळावाटे काही मीठ आत येऊ देते आणि पानांवरच्या ग्रंथींतून ते बाहेर टाकते. कांदळाची रीत वेगळी. तो नव्वद टक्क्यांहून जास्त मीठ मुळाशीच अडवतो. म्हणून त्याचं पान चाटलं तर नुसतं तुरट, चामड्यासारखं लागतं. दोन पानं चाटून झाली की त्या मुलांना परीक्षेत या विषयावर चूक करता येत नाही.

मग रिफ्रॅक्टोमीटर, पाण्यातलं मीठ मोजायचं साधन. हातात मावेल अशी दुर्बिणीसारखी नळी असते. पुढच्या काचेवर खाडीच्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकण हळूच खाली करायचं म्हणजे बुडबुडा राहत नाही, आणि आकाशाकडे धरून पाहायचं. आत निळ्या आणि पांढऱ्या रंगांच्या मधली रेघ जिथे येते, तो आकडा. समुद्राचं पाणी लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मिठाचं. रेवदंड्याच्या पुलापाशी हिवाळ्यात रेघ त्याच्या जवळपास असते. तिथून रोह्याकडे जसजसं सरकत जावं, तसतशी ती खाली उतरते. पावसाळ्यात तर तोंडाशीही ती निम्म्याच्या खाली आलेली पाहिली आहे. भिऱ्याहून पाणी सुटल्यावर आणि न सुटल्यावर एकाच जागी, एकाच ओहोटीला मोजलं तर काय दिसेल, हा माझ्या डोक्यातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. आमची मोजमापं त्याच्यासाठीच चालू आहेत.

पायाखालच्या गाळाबद्दलही थोडं सांगते, कारण लोक त्याला नाक मुरडतात. कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पाय पोटरीपर्यंत रुततो. त्या गाळात प्राणवायू नसतो, म्हणून तिवरीची मुळं बोटभर उंचीच्या काड्यांसारखी वर येऊन हवेतून श्वास घेतात. एका झाडाभोवती ती हजारांनी असतात. प्राणवायू नाही म्हणून गाळात पडलेलं पान, मूळ, फांदी लवकर कुजत नाही, आणि त्यातला कार्बन शतकानुशतकं तिथेच राहतो. २०११ साली हिंद आणि प्रशांत महासागरांच्या किनाऱ्यांवरच्या खारफुटींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हेक्टरमागे सरासरी हजार टनांच्या वर कार्बन मोजला गेला, आणि त्यातला बहुतेक सगळा मातीत होता. झाड तोडलं की नुसतं झाड जात नाही, खालचा गाळ उघडा पडतो आणि साठवलेलं सगळं हवेत जायला लागतं. वासामागचा हिशोब असा आहे.

पुण्याचा खारफुटीशी आणखी एक धागा आहे, तो कोरेगाव रस्त्यावर. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचं कार्यालय तिथे १९५५ पासून आहे, आणि तिथल्या संग्रहात पश्चिम किनाऱ्यावरून गोळा केलेल्या वनस्पतींचे वाळवलेले नमुने कपाटांत ठेवलेले आहेत. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या पूर्वसंस्थेचे, प्राचार्य होते थिओडोर कुक. मूळचे इंजिनिअर, पण वनस्पतींचा नाद इतका की मुंबई इलाख्याच्या सगळ्या वनस्पतींची नोंद करणारा ग्रंथ त्यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. आजही एखादी जात ओळखताना अडलं की आम्ही तो उघडतो. वाळवलेला नमुना हातात घेतला की पान तपकिरी झालेलं असतं, फुलाचा रंग गेलेला असतो, पण कोपऱ्यातल्या लेबलावर शाईनं लिहिलेलं ठिकाण आणि तारीख वाचता येते. अमुक एका खाडीत अमुक एक झाड होतं, याचा तो पुरावा असतो. आज त्याच खाडीत जाऊन ते झाड सापडतं का, हे बघणं हे खरं संशोधन, आणि त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना या कामाची गोडी लागली, त्यांना ती त्या कपाटांसमोर उभं राहूनच लागली.

आता मामाबद्दल. त्याच्याशिवाय हे लिखाण अर्धवट राहील.

माझं आजोळ रोहा-रेवदंड्याच्या मधल्या एका खाडीकाठच्या गावात. तिथली भातशेती खारजमिनीतली, म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली. बांधाला उघाडी असते. भरतीला झडप बंद होऊन खारं पाणी बाहेर राहतं आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी निघून जातं. हे बांध पूर्वी गावच राखायचं. भात झोडून झालं की घरटी एक माणूस बांधावर, चिखलाची ढेपं काढून भगदाडं बुजवायला. खेकड्यांची बिळं वेळेत बुजवली नाहीत तर उधाणाला तिथूनच पाणी शिरतं, हे पोराटोरांनाही ठाऊक. पुढे माणसं मुंबईला गेली, कारखान्यांत लागली, बांधाची मालकी सरकारी खात्याची की गावाची यात वर्षं गेली, आणि एका पावसाळ्यात अमावास्येच्या उधाणाला बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली. पहिल्या वर्षी ती चार माणसांच्या हातची होती, पण दुरुस्ती झाली नाही. पुढच्या वर्षी तिच्यातून होडी जायला लागली.

मामाची भाताची खाचरं खारी झाली. आणि मग तिथे तिवर आली. कुणी लावली नाही. भरतीच्या पाण्याबरोबर बिया आल्या, गाळात रुजल्या, आणि पाच-सहा वर्षांत जिथे आजोबा नांगर धरायचे तिथे डोक्यावर जाणारं रान झालं. उपग्रहाच्या छायाचित्रात ते सुंदर हिरवं दिसतं. राज्यात खारफुटी वाढली अशी बातमी येते तेव्हा त्या वाढीत अशी शेतंही असतात.

मी पहिल्यांदा मुलांना घेऊन तिथे गेले तेव्हा मामा बांधावर बसून आमचं मोजणं, फोटो काढणं बघत होता. परत निघताना म्हणाला, "सुमे, तुमचं जंगल माझ्या सातबाऱ्यावर उभं आहे, एवढं त्या पोरांना सांग."

मी सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक तुकडीला सांगते. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली खारफुटी तोडण्यावर बंदी घातली, आणि २०१८च्या निकालात खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला, असं म्हटलं. खारफुटीभोवती पन्नास मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा. बंदी जमीन कुणाच्या मालकीची आहे हे बघत नाही, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत एव्हाना काही उरलं नसतं. राज्याच्या वन विभागानं २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला, तोही देशातला पहिला. या सगळ्यानं खूप काही वाचलं. ठाणे खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ साली ती खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. या निर्णयांचा मला मनापासून अभिमान आहे. पण ज्या शेतकऱ्याचं शेत त्याच्या दोषाशिवाय खारफुटीत गेलं, त्याला आपण काय देतो, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. मामा तिवर तोडणार नाही, त्याला कायदा माहीत आहे. पण बांध दुरुस्त करायचा तर आतल्या तिवरींचं पाणी तुटतं, आणि न करायचा तर उरलेली खाचरंही जातात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं काढलेल्या, खारटपण सोसणाऱ्या भाताच्या जाती तो उरलेल्या तुकड्यात लावतो. भात येतं. मामा म्हणतो, पोटापुरतं येतं, विकण्यापुरतं नाही.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला तिथून गेलं तेव्हा त्याच्या घराचे पत्रे उडाले, सुपारीची बाग आडवी झाली. वाऱ्यापुढे तिवरीचं काही चालत नाही. तिचा उपयोग लाटेपुढे होतो. बांधाचा जो भाग तिवरींच्या मागे होता तो टिकला, उघडा होता तो ठिकठिकाणी ढासळला. ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यात अभ्यास झाला होता. किनारा आणि गाव यांच्यामध्ये खारफुटीचा पट्टा जितका रुंद, तितके त्या गावातले मृत्यू कमी, असं त्यात दिसलं. मामाला मी तो अभ्यास कधीच सांगितला होता, तेव्हा त्यानं मान डोलावली होती इतकंच. वादळानंतर मात्र त्यानंच मला बांधाच्या दोन्ही बाजू चालत दाखवल्या.

मामीचं गणित वेगळं आहे. खांड पडल्यापासून आतल्या ओहोळांत चिंबोऱ्या वाढल्या, कोलंबी वाढली, जिताडा माशाची पिल्लं यायला लागली. रायगडात जिताड्याला काय भाव असतो ते मी सांगायला नको. राज्य सरकारच्या योजनेतून खारफुटीच्या काठानं खेकडापालन, कालवं, पिंजऱ्यातले मासे असे उद्योग गावातल्या गटांना करता येतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर बचत गटातल्या बायका स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात, झाडांची नावं सांगतात, आणि त्यावर त्यांची घरं चालतात. मामीला ते माहीत आहे. तिचं म्हणणं, गावातल्या बायका तयार आहेत, पुरुषांना अजून भाताची आशा आहे. दोघंही बरोबर आहेत असं मला वाटतं. तोडगा गावानं ठरवायचा आहे, आणि तो ठरवताना कुठल्या भागात भरतीचं पाणी किती चढतं याचा नीट नकाशा त्यांच्या हातात असावा, म्हणून आम्ही तिथे काठ्या रोवून पातळी मोजतोय.

मध्यंतरी पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीतून फोन आला. जागतिक कांदळवन दिनानिमित्त, म्हणजे २६ जुलैला, त्यांचे कर्मचारी बसनं कोकणात येणार होते. मला म्हणाले, "मॅडम, एका दिवसात जास्तीत जास्त रोपं लागली पाहिजेत. ओहोटीला जो मोकळा चिखल दिसतो, तिथे लावूया ना?" फोनवरचा मुलगा तळमळीचा होता, त्याला खरंच काही करायचं होतं. मी त्याला अर्धा तास समजावलं. तो मोकळा चिखल रिकामा नसतो. निवट्या मासे तिथे उड्या मारतात, शिंपल्यांतल्या शिवल्या तिथे असतात, हिवाळ्यात हजारो मैलांवरून आलेले चिखलपक्षी तिथेच पोट भरतात. आणि तिथे झाडं नाहीत यालाही कारण असतं. बहुतेक वेळा ती जागा इतकी खोल असते की रोप दिवसाचा बराच वेळ पाण्याखाली राहतं आणि गुदमरतं. फिलिपीन्समध्ये असे कांदळ लाखोंनी लावले गेले आणि त्यातले बहुसंख्य मेले. फ्लोरिडातले रॉबिन लुईस आयुष्यभर सांगत राहिले की आधी पाणी पूर्ववत करा, भरतीची वाट मोकळी करा, जमिनीची उंची जमवा, बिया आपोआप येतील. त्यांनी तसं करून दाखवलं. पुरावा हवा असेल तर मामाचं शेत आहेच.

त्या मुलाला मी दुसरं काम सुचवलं. रस्त्याच्या भरावानं एका ओहोळाचं तोंड बुजलंय, मागची तिवरं सुकत चालली आहेत. परवानगी काढून तिथे नळे टाकायला आणि गावातल्या माणसांच्या मजुरीला पैसे द्या. फोटोत त्याचं काही दिसणार नाही, हेही सांगितलं. त्याचा परत फोन आला नाही. पण मी त्याच्यावर नाराज नाही. त्याच्या वरिष्ठांना रोपांचा आकडा लागतो, आणि तो आकडा मागायची सवय आपण सगळ्यांनीच लावली आहे.

आणि जे पाणी पश्चिमेला जात नाही, त्याचं काय? मुठा, मुळेचं उरलेलं पाणी, पवना, इंद्रायणी हे सगळं भीमेत, भीमा उजनीवरून पंढरपूरला, पुढे कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेत, आणि कृष्णा आंध्रात हंसलदिवीला बंगालच्या उपसागरात. तिथेही खारफुटी आहे, कृष्णा अभयारण्यात, आणि तिच्यात मासेमारी करणारं रानमांजर राहतं. धरणांवर धरणं झाल्यानं तिथे पोचणारं पाणी आणि गाळ दोन्ही खूप घटले आहेत. समुद्र चढत असताना खारफुटीला आपली जमीन उंचवायला गाळ लागतो. खडकवासल्याच्या साखळीपासून खाली प्रत्येक भिंतीमागे तो थोडा थोडा अडलेला आहे. पुणं दोन समुद्रांच्या खारफुटींच्या वरच्या अंगाला वसलेलं शहर आहे.

अधूनमधून मागणी होते की पश्चिमेला जाणारं धरणांचं पाणी वीजनिर्मितीऐवजी पूर्वेला वळवावं. मी पुणेकर आहे. उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावणारी माणसं मी रोज बघते, आणि पूर्वेकडचे दुष्काळी तालुके तर त्याहून तहानलेले आहेत. मागणीला माझा विरोध नाही. माणसांच्या पिण्याचं पाणी आधी. पण त्या चर्चेत कुंडलिकेचं नाव निघालं तर ते रोह्याच्या आणि अलिबागच्या पाणीपुरवठ्यापुरतं निघतं. खाडीला गोडं पाणी लागतं, तो तिचाही हिस्सा आहे, असं म्हणणारं त्या टेबलावर कुणी नसतं. शंभर वर्षांत त्या खाडीची घडी या पाण्यावर बसली आहे. ते कमी झालं तर वरच्या अंगाची मारांडी आणि गोड्या पाण्याजवळच्या जाती मागे हटतील, तिवर त्यांची जागा घेईल, जिताड्याची पिल्लं जिथे वाढतात ते निमखारं पाणी आक्रसेल. पाणी किती वळवायचं याचा आराखडा करणाऱ्यांनी निदान एक पूर्ण वर्ष, बाराही महिने, खाडीची क्षारता मोजून त्या कागदांना जोडावी. हे माझं मागणं आहे आणि ते मी लेखी दिलेलं आहे.

तोवर आम्ही आमच्या परीनं मोजतोय. पुढची फेरी मार्गशीर्षात, वद्य षष्ठीला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे गणित मला मामानं लहानपणी शिकवलं. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे दुपारी साडेचारला भरती आणि साडेदहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. पहाटे साडेपाचला कर्वे पुतळ्यापासून निघालो तर ताम्हिणी उतरून, वाटेत भिऱ्याच्या खाली पहिला नमुना घेऊन वेळेत पोचतो. ज्यांना यायचं आहे त्यांनी नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट घाला, चप्पल गाळातच राहते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, पिण्याचं पाणी आपापलं. फुंगाळीच्या झाडाची फांदी मोडायची नाही, तिचा चीक डोळ्यात गेला तर दिसायचं बंद होतं आणि दवाखाना लांब आहे. रोपं आणू नका. दुपारचं जेवण मामीकडे आहे, तेव्हा किती जण येणार ते दोन दिवस आधी कळवा.